‘सब ठीक है’ म्हणू नका: किमोच्या सिस्टरशी बोलणं आणि अपॉइंटमेंटची तयारी

“माताजी, कैसा लग रहा है?” सिस्टरनं विचारलं.

“सब ठीक है,” आई म्हणाली.

त्या आठवड्यात आईच्या तोंडात फोड होते. चार दिवस ती मऊ भात नि बिनतिखटाच्या वरणावर होती. बोटं इतकी बधिर झाली होती की ब्लाऊजची हुकं मला लावून द्यावी लागत होती. तरी सब ठीक है! मी शेजारी उभी होते आणि मीही गप्प राहिले, कारण बाहेर चाळीस माणसं नंबर लावून बसली होती आणि सिस्टरचा वेळ घेणं बरं दिसत नाही असं मला वाटलं.

आपली माणसं अशीच. पाहुण्याला विचारल्यासारखं कुणी ‘कसं काय?’ विचारलं की ‘बरंय’ म्हणायचं. पण सिस्टर ख्यालीखुशाली विचारत नसते. तुमच्या उत्तरावरून ती ठरवते की आज बाटली लावायची, की आधी डॉक्टरांना बोलवायचं. इंदूरमध्ये आईच्या कॅन्सरच्या उपचारांत वर्षभर डे केअरच्या (किमोथेरपी देऊन त्याच दिवशी घरी सोडतात त्या विभागाच्या) खुर्च्यांवर बसून जे शिकले ते इथे लिहिते आहे. औषधांचे निर्णय तुमचे डॉक्टर घेतील. त्यांच्यापर्यंत बरोबर माहिती पोचवायची कशी, एवढाच हा लेख.

सिस्टर एक नसते

ओपीडीत नंबर पुकारणारी वेगळी, डे केअरमध्ये किमो लावणारी वेगळी, वॉर्डातली तिसरी. मोठ्या हॉस्पिटलांत रुग्णाला एका विभागातून दुसऱ्या विभागात वाट दाखवणारी चौथीही असते. पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: किमोबद्दलचे प्रश्न कुणाला विचारायचे, दिवसा कुठल्या नंबरवर फोन करायचा, आणि रात्री किंवा रविवारी कुठल्या. सिस्टरचा स्वतःचा मोबाईल मागू नका. तिची ड्युटी संपली की तोही गप्प होतो. व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकून उत्तराची वाट बघणं हा तातडीचा उपाय नव्हे.

पाळी बदलते तेव्हा, म्हणजे साधारण सकाळी आठला नि दुपारी दोनला, लांबलचक प्रश्न काढू नका. एक सिस्टर दुसरीला सगळ्या रुग्णांचा हिशोब देत असते. पंधरा मिनिटं थांबलात तर तीच सिस्टर खुर्ची ओढून बसते.

वही

मोबाईलचं अॅप नको. शंभर पानी शाळेची वही घ्या आणि तिला दोऱ्यानं पेन बांधा. घरात जो कुणी आईजवळ असेल, नात असो की स्वयंपाकाच्या मावशी, त्याला लिहिता आलं पाहिजे.

किमोचा दिवस म्हणजे ‘दिवस १’. तिथून मोजत जा. आईची पहिली चार किमो दर २१ दिवसांनी होती. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये मी प्रत्येक चौकोनात पेन्सिलीनं दिवसाचा आकडा घालायची आणि ७ ते १४ या दिवसांभोवती लाल रेघ ओढायची. बऱ्याच किमो औषधांनंतर साधारण याच दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात आणि संसर्गाची भीती जास्त असते. म्हणून ‘मागच्या आठवड्यात ताप होता’ यापेक्षा ‘नवव्या दिवशी संध्याकाळी सातला १०१ होता’ हे वाक्य सिस्टरच्या कितीतरी जास्त कामाचं.

रोज लिहायचं ते एवढंच: ताप, वजन (आठवड्यातून एकदा पुरे), शौचाला किती वेळा, उलटी किती वेळा, पाणी किती तांबे, आणि काय दुखतं. दुखणं ० ते १० मध्ये सांगायचं असतं. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहनच होत नाही. आईला हा आकडा काही केल्या जमेना. मग बाळंतपणाच्या कळांना दहा धरलं आणि तिथून खाली मोजायला सांगितलं. लगेच म्हणाली, “मग हे चार.”

आकड्यात बसत नाही ते कामाच्या भाषेत लिहा. ‘हाताला मुंग्या’ यापेक्षा ‘हुकं लावता येत नाहीत, तुळशीला दिवा लावताना काडी हातातून निसटते’. पॅक्लिटॅक्सेलसारखी काही औषधं हातापायांच्या नसांना त्रास देतात. हे वेळेवर कळलं तर डॉक्टर डोस कमी करू शकतात किंवा एखादा आठवडा थांबू शकतात. लपवलं तर तो बधिरपणा कायमचा राहू शकतो. पुष्कळ लोक नेमके इथेच गप्प बसतात, कारण ‘सांगितलं तर किमो थांबवतील’ अशी धास्ती असते. आईचीही तीच होती. शेवटी वही मीच सिस्टरच्या हातात दिली. तिनं वाचलं, आईला ब्लाऊजचं हूक लावून दाखवायला सांगितलं, आणि उठून डॉक्टरांना बोलावून आणलं. पुढचा डोस कमी झाला. किमो थांबली नाही.

मराठी दुखणं हिंदीत सांगताना

यावर कुणी लिहीत नाही, आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांना याचीच गरज जास्त. आपण बाहेर दिवसभर हिंदी बोलतो, पण दुखणं मराठीतच येतं. बहुतेक सिस्टर हिंदी बोलतात, काही केरळच्या असतात आणि त्यांची हिंदी इथे येऊन शिकलेली असते. मधल्या मध्ये अर्थ सांडतो.

जुलाब हा सगळ्यात घातक शब्द. हिंदीत जुलाब म्हणजे पोट साफ करायचं औषध. ‘जुलाब हुआ’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्ही रेचक घेतलंत. ‘दस्त’ म्हणा, आणि किती वेळा ते सांगा. घाम म्हणजे हिंदीत ऊन. ‘रात को घाम आता है’ यातून कुणाला काही कळणार नाही, तिथे ‘पसीना’ हवा. दंड दुखतो म्हणालात तर त्यांच्या कानावर शिक्षा पडते. ‘बाजू’ म्हणा नि बोट ठेवून दाखवा. पाठीला पीठ म्हणायचं, हे आपल्याला ठाऊक असूनही घाईत जीभ अडखळते. मुंग्यांना ‘झुनझुनी’, हिरड्यांना ‘मसूड़े’, पोटरीला ‘पिंडली’, कळ येण्याला ‘मरोड़’. घेरी येते ती ‘चक्कर’. ‘कसंनुसं होतंय’ याला मात्र हिंदीत शब्द नाही. आईला विचारून विचारून काढावं लागलं की मळमळ आहे, अशक्तपणा आहे, की छातीत धडधडतंय. या तिन्हींवरची औषधं वेगळी.

उलट दिशेनंही गोंधळ होतो. इथे रेडिएशनला सर्रास ‘सिकाई’ म्हणतात. डॉक्टर म्हणाले, “अब पच्चीस सिकाई होगी,” आणि पहिल्या दिवशी आई पिशवीत गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन निघाली. शेक द्यायचा म्हणजे ती लागणारच की! त्या दिवशी हसलो, पण रेडिएशनच्या जागेवर खरोखरच शेक द्यायचा नसतो. तिथली कातडी नाजूक होते. उटणं, हळद, पावडर यांतलं काहीही सिस्टरला विचारल्याशिवाय लावू नका, आणि अंगावर काढलेल्या खुणा घासून धुऊ नका.

दोन दिवस आधी

रक्ततपासणी कधी करायची हे विचारून ठेवा. किमोच्या आधी पेशी, लिव्हर नि किडनीचे आकडे बघितल्याशिवाय औषध लावत नाहीत. रिपोर्ट उशिरा आला तर दिवस फुकट जातो. आमचा एकदा गेला.

फाईल तारखेनं लावा, सगळ्यात नवं वर. बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, त्याची झेरॉक्सही. बायोप्सीच्या काचेच्या स्लाईड आणि मेणात बसवलेला त्या तुकड्याचा ब्लॉक लॅबकडे राहतात. मुंबईला दुसरं मत घ्यायला निघालात तर ते मागून घ्यावे लागतात आणि मिळायला दिवस लागतात, हे आदल्या दिवशी कळून उपयोग नाही. स्कॅनची सीडीही मागा. कागदावरच्या रिपोर्टवर बरेच डॉक्टर समाधान मानत नाहीत.

औषधांची यादी करत बसण्यापेक्षा सगळ्या गोळ्या डब्यासकट पिशवीत घालून न्या. बीपी, शुगर, रक्त पातळ करायची गोळी, झोपेची गोळी. त्याच पिशवीत वैद्यांचा काढा, कुणीतरी आणून दिलेलं ‘कॅन्सरवरचं’ चूर्ण, हळदीच्या कॅप्सूल हेही घाला. सिस्टर ओरडेल म्हणून हे लपवतात. एखादी ओरडेलही. पण यातल्या काहींचा किमोशी किंवा लिव्हरशी झगडा होऊ शकतो, आणि माहीत नसेल तर त्रास कशानं झाला हे डॉक्टरांनाही उमगत नाही. मधुमेह असेल तर आवर्जून सांगा. उलटी होऊ नये म्हणून किमोबरोबर बहुधा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात आणि त्यानं साखर चढते.

उपासाचंही सांगा. आमच्याकडे संकष्टी कधी चुकली नाही, आणि पहिल्याच महिन्यात आईनं कुणाला न सांगता ती धरली. काही गोळ्या भरल्या पोटीच घ्यायच्या असतात. कॅपेसिटाबिन ही किमोची गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घेतात, न चावता, न फोडता. उपासाची खिचडी तोंडात फोड असताना कशी जाणार? सिस्टरनं आईला सरळ सांगितलं, “गणपती जी नाराज नहीं होंगे, आप दूध-केला ले लो.” माझं जे ऐकलं नव्हतं ते तिचं ऐकलं.

तारीख घेताना पंचांग बघा, मुहूर्तासाठी नव्हे, रस्त्यांसाठी. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, अनंत चतुर्दशीच्या रात्री देखाव्यांच्या झांक्या. त्या भागात ना रिक्षा मिळते ना अँब्युलन्सला वाट. अशी तारीख पडत असेल तर आठवडाभर आधी सिस्टरला विचारा, एखाद-दुसरा दिवस हलवता येतो का. गर्दी आणि गुलाल लाल रेघेच्या दिवसांत तसेही नकोत. उघड्यावरची कापलेली फळं, पाणीपताशे, मोडाची कच्ची मटकीही नको. सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली थोडे महिने आपल्याविना चालेल.

प्रश्न तीनच लिहा, महत्त्वाचा आधी. दहा प्रश्नांची यादी काढली की डॉक्टर पहिल्या दोनांची उत्तरं देतात आणि आपला नेमका सातवा राहतो. उरलेले सिस्टरला विचारा: केस कधी जातील, कुठला साबण, प्रवास चालेल का. ही उत्तरं तिच्याकडे जास्त चांगली असतात. बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा.

किमोच्या दिवशी

ज्या हाताला सुई लावणार त्या हातातल्या बांगड्या घरीच काढा. खुर्चीवर बसल्यावर साबण लावून बांगडी काढणं, त्यात ती पिचणं आणि आईचा चेहरा पडणं, हे सगळं आम्ही केलं आहे. पोर्ट (औषध देण्यासाठी छातीच्या कातडीखाली बसवलेली छोटी डबी) असेल तर समोरून उघडणारा ब्लाऊज हवा आणि मंगळसूत्र लांब नको, ते नळीत अडकतं. पोर्ट नसेल तर आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्यायला द्या (पाण्यावर बंधन नसेल तरच) आणि हात उबदार ठेवा. पहिल्या किमोला आईची शीर सापडत नव्हती. सिस्टरनं गरम पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल हाताभोवती गुंडाळला, दहा मिनिटं तसाच ठेवला, मग मनगटाच्या वर दोन बोटांनी हळूच टिचकी मारली आणि पहिल्या खेपेत सुई गेली. दुसऱ्या किमोआधी आम्ही पोर्ट बसवून घेतला. स्तनाचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूला सुई किंवा बीपीचा पट्टा लावण्याआधी तसं सांगा.

सिस्टर दर वेळी नाव विचारते. ओळखत असूनही विचारते. चिडू नका, पूर्ण नाव सांगा. एकाच दिवशी दोन कुलकर्णी बाई डे केअरमध्ये असणं आपल्या समाजात काही अवघड नाही. बाटलीवरचं नाव तुम्हीही वाचा.

औषध चालू असताना सुईच्या जागी आग झाली, सूज दिसली, एकदम खाज सुटली, श्वास अडला किंवा छाती भरून आली, तर जेवत असलेल्या सिस्टरलाही हाक मारा. काही औषधं शिरेबाहेर सांडली तर कातडी जाळतात. तिथे ‘बाटली संपत आलीच आहे’ हा विचार करायचा नाही. दुसरीकडे, लाल रंगाच्या औषधानंतर, म्हणजे डॉक्सोरुबिसिननंतर, एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे. हे आधी कुणी सांगितलं नाही तर रात्री दोनला घर जागं होतं. ऑक्सॅलिप्लॅटिन असेल तर काही दिवस फ्रिजचं पाणी नको, गार वस्तूला हातही नको. घसा आवळल्यासारखा होतो, बोटांत चमका येतात.

निघण्यापूर्वी सिस्टरला आपल्या शब्दांत सांगून दाखवा: ही गोळी सकाळी, ही फक्त मळमळल्यावर, हे इंजेक्शन उद्या. पेशी वाढवायचं इंजेक्शन साधारणपणे किमो संपून २४ तास झाल्यावर देतात आणि ते फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, बर्फाच्या कप्प्यात नाही. मेडिकलवाल्याकडून थंड पिशवीतच घ्या.

घरी: ताप

दुसऱ्या किमोच्या नवव्या दिवशी संध्याकाळी आईला १०१ ताप आला. मी क्रोसिन दिली. तासाभरात ताप उतरला, आम्ही निवांत झोपलो. सकाळी ती उठून बसेना. पाच दिवस अॅडमिट. चूक हॉस्पिटलची नव्हती, आमची होती. रात्रीचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता, फोन करायला संकोच वाटला.

किमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे तातडी, मग रात्रीचे तीन वाजलेले असोत. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा कमी येतो, म्हणून कुठे मोजला तेही सांगा. न विचारता तापाची गोळी देऊ नका. ताप झाकला जातो, संसर्ग तसाच राहतो. थंडी वाजून हुडहुडी भरली तर आकड्याची वाटही बघू नका. तसंच पाणीही पोटात टिकेना, दिवसात नेहमीपेक्षा चार किंवा अधिक वेळा जास्त दस्त झाले, कुठून रक्त यायला लागलं, धाप लागली, माणूस बरळायला लागला, तर फोन. फोन लागत नसेल तर १०८.

फोनवर काय बोलायचं तेही वहीच्या पहिल्या पानावर हिंदीत लिहून ठेवा, घाबरल्यावर सुचत नाही: नाव, फाईल नंबर, कुठला कॅन्सर, कुठली किमो, आज कितवा दिवस, ताप किती नि कुठे मोजला, काय दिलं. आणि शेवटी एक प्रश्न: “अभी लेकर आऊँ?” समोरून ‘देख लो’ असं उत्तर आलं तर हाच प्रश्न पुन्हा विचारा.

आईला सांगू नका म्हणताना

खूप घरांत रुग्णाला ‘गाठ’ म्हणून सांगितलेलं असतं, कॅन्सर शब्द काढायचा नाही असं ठरलेलं असतं. मग सिस्टरला बाहेर गाठून डोळ्यांनी खुणा करतात. यात तिची फार ओढाताण होते. रुग्णानं थेट विचारलं तर ती खोटं बोलणार नाही, बोलूही नये. निदान तिला आधी सांगून ठेवा की घरात कुठला शब्द वापरतो. माझं मत विचाराल तर सांगून टाका. आईला आम्ही तीन आठवडे सांगितलं नव्हतं आणि ती पहिल्या दिवसापासून ओळखून होती, आम्हाला वाईट वाटू नये म्हणून गप्प होती. मन फारच खचलं तर १४४१६ या टेलिमानस नंबरवर मोफत बोलता येतं, रुग्णालाही आणि सांभाळणाऱ्यालाही.

पैसा आणि प्रवास

आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि ७० वर्षं आणि त्यावरच्यांना उत्पन्नाची अट नाही. चौकशी १४५५५ वर करा. कार्ड उपचार सुरू होण्यापूर्वीच दाखवा. मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जायचं असेल तर रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीच्या मूळ भाड्यात रुग्णाला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. त्यासाठी ठराविक नमुन्यातला दाखला हॉस्पिटलकडून भरून घ्यावा लागतो. तो कुठल्या खिडकीवर मिळतो हे सिस्टरला नक्की माहीत असतं. अवंतिका एक्सप्रेस रात्रभरात मुंबईला पोचवते, पण टाटा आहे त्या परळला रिक्षा चालत नाहीत, टॅक्सीचे सुटे ठेवा.

आता आईचे उपचार संपले आहेत. पोर्ट अजून आहे, तो ठराविक आठवड्यांनी धुऊन घ्यावा लागतो, आणि कालनिर्णयवर त्या तारखेला गोल असतो. मागच्या खेपेला त्याच सिस्टर होत्या. “माताजी, कैसा लग रहा है?”

“ऊपर का एक हुक अभी भी नहीं लगता,” आई म्हणाली. “बाकी के लगते हैं. बाएँ हाथ से देर लगती है.”

सिस्टरनं लिहून घेतलं.